झाडीतले तीन अहो

मी "अहोऽऽ!" अशी हाक मारली आणि समोरच्या झाडीत तीन नवरे जागच्या जागी थांबले.

त्यांतला माझा एकच होता. पण सगळ्यांत पुढे गेलेले पाटणकर थांबले, मधले शिंगटे थांबले आणि डावीकडच्या झाडाआड आमचे हे थांबले. पाटणकर आणि शिंगटे यांनी चांगली खणखणीत "ओ" दिली. ह्यांनी घरी देतात तसं "हं" केलं असणार, मला ते ऐकू आलं नाही. शिंगट्यांनी थांबताना तोल सावरायला एक फांदी धरली, तर तिच्यावरचा पोतंभर बर्फ त्यांच्या डोक्यावर आला.

आमचा गाईड फिरदौस, मेंदी लावलेल्या दाढीचा गंभीर माणूस, माझ्याकडे वळला.

"मॅडम, आपने किसको बुलाया?"

"हमारे इनको."

"तो बाकी दोनों क्यों रुके?"

खालून डोकं झटकत शिंगट्यांनीच उत्तर दिलं, "वैनी, तुम्ही आवो म्हणलं की माझा पाय आपसूक थांबतोय बघा. तीस वर्षांची सवय हाय!"

"घरी मीही अहोच आहे," पाटणकर म्हणाले.

फिरदौसनं सकाळी हॉटेलच्या दारात आम्हाला नियम समजावला होता. झाडीत जोडीजोडीनं उतरायचं. जोडीदार दिसेनासा झाला की हाक मारायची, त्यानं ओ द्यायची. कारण झाडाच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली बर्फ पोकळ राहतो. त्यात माणूस गेला की विहिरीत गेल्यासारखा जातो, आपला आपण वर येत नाही, आणि वरून फांद्यांचा बर्फ पडतच असतो. ओ आली नाही तर सगळं सोडून शोधायला लागायचं. आता त्यानं तोच नियम परत सांगितला आणि वर जोडलं, "मॅडम, नाम से बुलाइए. नाम से."

"नाम से नहीं बुला सकती," मी म्हटलं.

"क्यों? नाम नहीं पता?"

तिघंही फिदीफिदी हसले. म्हणजे दोघं हसले. आमचे हे हसतात तेव्हा फक्त खांदे हलतात, आवाज येत नाही.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ठिकाण गुलमर्ग. मिरजेत आमचं चष्म्याचं दुकान आहे. हे दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर काचा बदलत बसायचे आणि घरी आले की गप्प. जेवण कसं झालंय? बरं. मुलीचं लग्न ठरलं. बरं. पाटणकर बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याबरोबर हे काश्मीरला आठ दिवसांच्या सहलीला गेले, आणि बाकीची सहल दल सरोवरात शिकाऱ्यातून फिरत असताना हे गुलमर्गला स्कीवाल्यांकडे बघत उभे राहिले. पुढच्या वर्षापासून जानेवारी आला की दुकानाचं शटर खाली आणि हे गायब. तासगावचे बेदाणेवाले शिंगटेही त्यांना सामील झाले. सुरुवातीला घसरगुंडीवर शिकले, मग तारेवरच्या पाळण्यातून वर जायला लागले, मग तेही सोडलं. जिथं कुणी गेलेलं नाही असा भुसभुशीत बर्फ शोधत चालत डोंगर चढायचा आणि एकदा खाली यायचं. दिवसभरात एकदा! माणसानं एवढा स्वयंपाक करून एकच घास खावा तसलं ते.

त्याच्या आदल्या खेपेला हे गळ्यात हात बांधून परत आले. खांद्यापाशी हाड मोडलेलं. तेव्हा मी म्हटलं, "पुढच्या वर्षी मी येणार. तिथं असं काय आहे, जे घरात नाही, ते मला बघायचंय. दिसलं तर ठीक. नाही दिसलं तर स्कीच्या त्या दोन फळ्या भंगारवाल्याला देऊन टाकायच्या."

हे म्हणाले, "बरं."

मला खरी टोचणी वेगळीच होती आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. मला वाटायचं, हा माणूस वर्षातला दीड महिना माझ्यापासून सुटी घेतो.

तर मी गेले. पहिले तीन दिवस मलाही स्की शिकवायचा प्रयत्न झाला. चालू कसं व्हायचं ते मला लगेच आलं. थांबायचं कसं, ते सांगायच्या आधीच मी निघाले होते. चहाच्या टपरीवरून गेले, "चाय, मॅडम?" असं टपरीवाला विचारेपर्यंत पुढे निघूनही गेले आणि काश्मिरी पोशाख भाड्यानं घेऊन फोटो काढणाऱ्या सुरतच्या एका नवविवाहित जोडप्यात शिरले. थांबले तेव्हा नवरी बर्फात बसलेली, तिची फुलांची टोपली माझ्या हातात, आणि नवरदेवानं आधाराला धरलेला हात माझा. फोटोग्राफर फोटो काढतच राहिला. त्यांच्या अल्बममध्ये मी आजही माकडटोपी घालून हसत असेन.

शिकवणारा म्हणाला, "मॅडम, आपका बॅलन्स अच्छा है. बस, आप चलिए मत."

म्हणून मग चौथ्या दिवशी माझ्या पायांना बर्फात चालायच्या पसरट जाळ्या बांधल्या. पायांना दोन सुपं बांधल्यासारखं दिसतं आणि चाल बदकाची होते, पण माणूस रुतत नाही. झाडीतला उतार सौम्य होता. हे तिघं स्कीवरून थोडं थोडं उतरणार आणि मी मागून सुपं आपटत येणार असं ठरलं. पाटणकर-शिंगटे एक जोडी. "आणि तुमची न् मगदुमांची जोडी तर ठरलेलीच आहे," पाटणकर म्हणाले. मगदूम म्हणजे आम्ही.

चढताना मी तिघांनाही विचारून घेतलं, यात आहे काय एवढं?

पाटणकर थांबले, त्यांनी काळा गॉगल कपाळावर चढवला. "वहिनी, हा पावडरसारखा बर्फ आहे ना, यात मी शून्य होतो. मी बँक मॅनेजर नाही, मी पाटणकर नाही. मी नाहीच." मग त्यांनी मोबाइल लांब धरून शून्याचा फोटो काढला, आवडला नाही म्हणून परत काढला.

शिंगटे म्हणाले, "मला एवढं काय कळत न्हाई वैनी. हितं रेंज नसती. बायको फोन लावती, लागत न्हाई. समदं गुडूप."

ह्यांना विचारलं. ह्यांनी जरा विचार केला. "बरं वाटतं," म्हणाले.

एवढ्यासाठी मी मिरजेहून तीन स्वेटर घालून आले होते!

तर 'अहो'चा तो घोटाळा झाल्यावर पाटणकरांपाशी जमून उतारावर उभ्या उभ्या मीटिंग भरली. शिंगटे म्हणाले, "वैनी, मिरज म्हणून हाका मारा." पाटणकरांना शिट्टी हवी होती. फिरदौसचं एकच पालुपद, नाम, नाम. मी म्हटलं, बघते. मनातल्या मनात म्हणून पाहिलं. अहो, तोंडाशी येतच नाही! लग्नानंतर उखाण्याशिवाय मी कधी ह्यांचं नाव घेतलेलं नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तरी मी कार्ड पुढे करायचे.

"घ्यायचं नसेल तर राहू दे," हे म्हणाले. "मी जवळच थांबेन."

आणि गेले.

तेवढ्यात वरून ढग उतरला. चढताना कापसासारखा दिसत होता, आत शिरला तर ओल्या गोधडीसारखा. वीस पावलांपुढचं झाड दिसेना. माझ्या चष्म्यावर वाफ धरली ती वेगळीच. चष्मेवाल्याची बायको म्हणून मी हिंडते आणि मला काही दिसत नव्हतं. पाटणकर माझ्या बाजूलाच गॉगल पुसत होते, शिंगटे खाली निघाले होते.

आणि त्या ढगातून आवाज आला.

"होऽऽऽऽ हो हो होऽऽऽ!"

कुणीतरी मोठमोठ्यानं ओरडत उतरत होतं. मधेच हसत होतं, मधेच नुसतंच केकाटत होतं. यात्रेतल्या पाळण्यात बसलेलं पोर ओरडतं ना, पाळणा खाली येताना, तसं.

"कोण बोंबलतंय हे?" मी विचारलं.

पाटणकरांनी माझ्याकडे नवलानं बघितलं. "वहिनी, हा मगदूम."

"कुठला मगदूम?"

"तुमचा! दर वेळी असाच ओरडतो. पहिल्या वर्षी फिरदौस घाबरून धावत गेला होता."

तीस वर्षं मी ज्या माणसाचं 'हं' ऐकत आले होते, त्याच्या पोटात हा एवढा आवाज होता. आणि तो त्यानं इथं येऊन काढला, ढगात, परक्या झाडांपुढे. मला हसू यायला हवं होतं. पण मला रडू यायला लागलं, इतका राग आला.

मग आवाज मधेच तुटला. 'हो'चं अर्धं 'ह' झालं आणि गप्प.

"अहो!" मी हाक मारली.

"ओ!" खालून शिंगटे.

"तुम्ही नव्हे हो! अहोऽऽ!"

"ओ!" बाजूला पाटणकर. तेही निघाले, चार हात गेले आणि धप्प आवाज झाला. बघते तर डोकं बर्फात, पाय वर आणि दोन्ही फळ्या एका फांदीत अडकलेल्या. शून्याला आडवं यायला तेवढी फांदी पुरली.

"कोई हिले नहीं!" फिरदौस ओरडला. "मॅडम, आवाज देते रहिए! मैं इनको छुड़ाता हूँ!"

तो पाटणकरांना सोडवायला लागला. मी एकटी पुढे निघाले. "अहो" म्हटलं की उजवीकडून "ओ" यायची. मी सुपं आपटत उजवीकडे जायचे, तिथं शिंगटे. "आवो, मी हाय वैनी," म्हणून ते ओशाळे व्हायचे. परत "अहो" म्हटलं की डावीकडून "ओ". तिकडे गेले की उलटे लटकलेले पाटणकर. "सॉरी वहिनी, तोंडातून निघूनच जाते."

"तुम्ही दोघं गप बसा बघू!" मी कावले. "एकानं जरी ओ दिली तर बघा!"

झाडी शांत झाली. बर्फातली शांतता कशी असते ते मला माहीत नव्हतं. कानांत कुणी कापूस घातल्यासारखं होतं. मी तीनदा "अहो" म्हटलं. ओ नाही. कुठल्या झाडाखाली बघायचं? सगळी झाडं सारखीच, सगळ्यांच्या फांद्या बर्फात टेकलेल्या. आणि फांद्यांवरून थोडा थोडा बर्फ खाली पडत होता. तो आवाज मात्र येत होता. फस्स. जरा वेळानं दुसरीकडे, फस्स.

ह्यांचं नाव घ्यायला तोंड उघडलं. तुम्ही हसाल, पण जीव जायची वेळ आली तरी ते नाव नुसतं, मोकळं, असं येईना. त्याला आधी काहीतरी लागतं, धावत यायला जागा लागते. म्हणून मग मी डोळे मिटले, पदर नव्हता म्हणून माकडटोपी सारखी केली, आणि त्या ढगात ठणकावून म्हटलं,

"देवदाराच्या फांदीवर बर्फाची रास,
भालचंद्रराव सापडत नाहीत, झाला अर्धा तास!"

डावीकडून, उलट्या पाटणकरांचा आवाज आला, "वा, वहिनी, वा!" उजवीकडून शिंगट्यांनी टाळ्या वाजवल्या, हातमोज्यांतून, भद् भद्.

आणि माझ्या पुढ्यातच, दहा पावलांवर, कुणीतरी हसायला लागलं. खांद्यांनी नव्हे, तोंडानं, खो खो.

मी त्या आवाजावर गेले. एका झाडाच्या बुंध्याशी भोक पडलं होतं आणि त्यात आमचे हे, काखांपर्यंत उभे रोवलेले. हात बर्फात दबलेले, मिशीवर बर्फ, चष्मा एका कानाला लोंबकळतोय. हसण्यानं आणखी बर्फ खाली पडत होता तरी थांबेनात.

"ओ द्यायला काय झालं होतं?" मी ओरडले.

"दिली की."

"कधी?"

"दर वेळी. हं म्हणत होतो."

मी पायातलं एक सूप सोडलं आणि उकरायला बसले. जे तोंडाला येईल ते बोलत होते आणि उकरत होते. "हं म्हणे! माणूस मरतोय आणि हं! मघाशी बोंबलत होतात ते? तो आवाज कुठं होता इतकी वर्षं? मला कधी ऐकवलात? इथं झाडांना ऐकवताय! माझा इतका कंटाळा होता तर सांगायचं. मी भावाकडे गेले असते जानेवारीत. त्यासाठी हाडं मोडून घ्यायची काय गरज होती?"

हसणं थांबलं. "हाड इथं नाही मोडलं," हे म्हणाले.

"मग?"

"हॉटेलच्या बाथरूममध्ये. साबणावरून. इथं पडलं तर लागत नाही."

मी उकरायची थांबले. मग आठवलं की माणूस खड्ड्यात आहे, परत सुरू केलं.

"आणि कंटाळा कुणाला आलाय?" हे म्हणाले. एका वाक्यापुढे कधी जात नाहीत. पण खड्ड्यात अडकलेले, जाणार कुठे? "सात-आठ वळणं घेतली की त्यांतली दोन-तीन बरी होतात. तेवढ्यापुरतं अंगाला वजन राहत नाही. तेव्हा तोंडातून आवाज निघतो, तो मी काढत नाही. मग खाली थांबून मी वर बघतो. बर्फात माझी रेघ दिसते, नागमोडी. कुणाला तरी दाखवावीशी वाटते. पाटणकर स्वतःचे फोटो काढत असतो. शिंगटे बेदाणे खात असतात. दर वेळी वाटतं, ही बघायला पाहिजे होती. म्हणून रात्री हॉटेलवरून तुला पाठवायचो ना रोज."

"काय पाठवायचात?"

"फोटो. त्या रेघांचे."

"ते पांढरे?" मी म्हटलं. "पांढरे पांढरे फोटो यायचे, ते? मला वाटायचं खिशात मोबाइल दाबला जातोय. मी सगळे पुसून टाकले."

हे माझ्याकडे बघत राहिले. "सगळे?"

"जागा भरत होती."

परत हसायला लागले. या खेपेला मीही. हसता हसता वरच्या फांदीनं आमच्या दोघांच्या डोक्यांवर उरलासुरला बर्फ ओतला, मग फिरदौस आला, त्यानं "या खुदा" म्हणून फावडं काढलं आणि त्याच्या मागून सुटका झालेले पाटणकर आणि बेदाण्यांची पुडी घेऊन शिंगटे.

हे बाहेर निघाले तोवर ढगही वर सरकला. आम्ही सगळ्यांनी मागे वळून बघितलं. वरपासून झाडांमधून एक रेघ आली होती, मऊ, अलगद वळत, मोठ्या अक्षरातल्या वेलांटीसारखी. ती ह्यांची. आणि तिच्या भोवती, आडवी, उभी, उलटी, नवऱ्यानवऱ्यांकडे जाऊन परत फिरलेली, चिखलात म्हैस हिंडावी तशी दुसरी एक वाट. ती माझी.

फिरदौस पुटपुटला, "बहुत ढूंढा मॅडम ने."

ह्यांनी चष्मा पुसला, डोळ्यांवर ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग? भंगारात द्यायच्या?"

ह्या माणसानं कधी कशासाठी हट्ट धरलेला मी बघितला नव्हता. आताही धरला नव्हता. नुसते स्कीच्या दोन फळ्या छातीशी धरून उभे होते, शाळेबाहेर काढलेल्या मुलानं दप्तर धरावं तसे.

"मी काहीच बघितलं नाही," मी म्हटलं. "ढग होता. न बघता कसं सांगू?"

"म्हणजे?"

"म्हणजे वर जा आणि परत उतरा. तिथून, त्या मोकळ्या जागेतून, झाडीतून नको. मी इथं उभी राहते."

पाटणकर म्हणाले, वहिनी, दमलाय तो. शिंगट्यांनी कोपरानं त्यांना गप्प केलं. ह्यांनी तोपर्यंत फळ्यांच्या तळांना चढायच्या केसाळ पट्ट्या चिकटवल्यासुद्धा होत्या. फिरदौस त्यांच्या मागे निघाला.

बराच वेळ लागला. मग वर एक ठिपका दिसला. हात हलवला. मीही हलवला.

आणि हे निघाले. बर्फ कमरेपर्यंत उडत होता, मधूनच नुसतं डोकं दिसायचं, मधूनच नुसता धुरळा. एक वळण. दुसरं. "होऽऽऽ!" तो आवाज आला. मी या खेपेला त्या आवाजाचं तोंड बघितलं. चोपन्न वर्षांचा माणूस, आ वासून, दातांच्या कवळीची पर्वा न करता ओरडत होता. तिसऱ्या वळणाला काहीतरी बिनसलं, हात गरगरले, आणि हे तोंडावर आपटून माझ्या पायांपर्यंत सरकत आले. पालथेच पडून राहिले. मग मान वर केली. तोंड बर्फानं माखलेलं, नुसते डोळे. बघत राहिले माझ्याकडे.

"पहिलं चांगलं होतं," मी म्हटलं.

"हं."

"दुसरं फारच छान. तिसऱ्याला ढुंगण मागं काढलंत. म्हणून पडलात."

"मागं गेलं?"

"चांगलं वीतभर. आणि डावा हात असा लोंबत होता, बाजारची पिशवी धरल्यासारखा."

हे उठून बसले. आजवर कुणी त्यांना हे सांगितलं नव्हतं. चेहरा असा उजळला की मलाच लाजल्यासारखं झालं.

"दुसरं छान होतं?" त्यांनी विचारलं.

"म्हटलं ना."

"थांब," हे म्हणाले. "तिसरं परत दाखवतो."

आणि उत्तराची वाट न बघता पट्ट्या चिकटवायला लागले. मागून उतरून आलेल्या फिरदौसनं आभाळाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि माझ्याजवळ येऊन हात जोडले. "मॅडम, आप ही रोकिए. साहब आपकी सुनेंगे."

"अब वो किसी की नहीं सुनेंगे," मी म्हटलं, सुपं बर्फात नीट रोवून उभी राहिले, आणि शिंगट्यांकडून मूठभर बेदाणे मागून घेतले.